दुमदार तारा आणि आपली गवाही

आपल्या घरातली जुनी माणसे ज्याला दुमदार तारा म्हणत, त्यालाच शेजारी शेंडेनक्षत्र म्हणायचे. नावे दोन, भीती मात्र एकच. तो दिसला की राजा मरणार, दुष्काळ पडणार, पटकी येणार. आज ती भीती बरीच ओसरली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-अ‍ॅटलास हा धूमकेतू सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसू लागला, तेव्हा लोक मोबाइल आणि कॅमेरे घेऊन गच्चीवर गेले. हे चांगलेच झाले. तरी एक प्रश्न उरतो. वर मान करून आपण आकाश बघतो की स्वतःलाच?

अपशकुनाच्या मुळाशी भीतीइतकाच अहंकार असतो. कोट्यवधी मैलांवरून जाणारी वस्तू आपल्याच सुखदुःखाचा निरोप घेऊन येते, असे आपण धरून चालतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा लहानगा मुलगा इब्राहिम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, सूर्यानेही शोक केला. मुलाच्या दुःखात असलेल्या बापाने हा मान घेतला नाही. कुणाच्या मरणाने वा जगण्याने ग्रहण लागत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ही हकीकत आपण श्रद्धेने ऐकतो, पण तिच्यातला विचार किती जपतो?

१५७७ साली इस्तंबूलमध्ये तकियुद्दीन या विद्वानाची वेधशाळा उभी राहिली. त्याच वर्षी मोठा धूमकेतू दिसला. तकियुद्दीनने सुलतान तिसऱ्या मुरादला सांगितले, हा शुभशकुन आहे, इराणविरुद्ध फत्ते होईल. पुढे प्लेगची साथ आली. दरबारी राजकारण होते, शेख-उल-इस्लामचा विरोध होता; १५८० मध्ये वेधशाळा पाडली गेली. तोच धूमकेतू डेन्मार्कमध्ये टायको ब्राहे मोजत होता. भविष्य तर त्यानेही आपल्या राजासाठी लिहिले. पण धूमकेतू चंद्राच्या पलीकडे आहे, हे त्याने मोजमापाने दाखवले. दोघांची भाकिते विरून गेली, मोजमाप राहिले. राजाला आवडेल ते सांगणे आणि दिसले ते सांगणे, यांतले दुसरेच ज्ञानाच्या कामी येते.

आज राजाची जागा आपल्याच हौसेने घेतली आहे. शहराच्या उजेडात धूमकेतू म्हणजे कापसाचा पुसट पुंजका. कॅमेऱ्याचे झाकण दहा-पंधरा सेकंद उघडे ठेवले, असे अनेक फोटो एकावर एक जुळवले, की डोक्याचा हिरवा रंग आणि लांब शेपूट उमटते. हे खोटे नव्हे. अंधुक उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत. कॅमेरा उजेड साठवतो. खोटेपणा सुरू होतो तो ‘आम्ही असाच पाहिला’ म्हणण्यात, किंवा दुसरीकडचे शेपूट आपल्या गावाच्या मिनारावर चिकटवण्यात.

फोटो ही गवाही आहे. तिला जागा, वेळ, झाकण किती वेळ उघडे होते, किती फोटो जोडले, हे सारे सांगावे लागते. हैदराबादच्या निजामिया वेधशाळेतील खगोलज्ञाचे चिरंजीव वैनू बाप्पू १९४९ मध्ये हार्वर्डला शिकत होते. तिथे फोटोच्या काचेवर त्यांना नवा धूमकेतू सापडला. बार्ट बॉक आणि गॉर्डन न्यूकर्क यांनी पडताळणी केली, आणि धूमकेतूला तिघांचेही नाव मिळाले. दुसऱ्याला तपासता येते, म्हणूनच गवाहीला वजन येते.

ही शिस्त आपल्याला परकी नाही. एकोणतिसाव्या संध्याकाळी आकाश ढगाळ असले आणि कुठूनही गवाही आली नाही, तर आपण तीस दिवस पूर्ण करतो. ईदची कितीही ओढ असली तरी न दिसलेला चांद दिसला म्हणत नाही. जुलै २०२० मध्ये निओवाइज धूमकेतू आला, तेव्हा महाराष्ट्रावर पावसाळी ढग होते. अनेकांना तो दिसलाच नाही. त्यांनी वहीत ‘दिसला नाही’ एवढेच लिहिले असेल, तर ती नोंद एखाद्या सजवलेल्या फोटोपेक्षा अधिक खरी आहे. आपल्या मुलांच्या हाती कॅमेरा देताना ही एक सवयही द्यायला हवी.