दाद न मागणारी फिर्याद

मिसिसिपीच्या डेल्टा प्रदेशात, गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आल्यावरही, वाट्याने कापूस पिकविणाऱ्या कृष्णवर्णीय कुळाचा वर्षअखेरीचा हिशेब जमीनमालकाच्याच वहीत मांडला जाई आणि बाकी बहुधा कुळाच्याच नावावर निघे. अशा माणसाने रविवारी चर्चमध्ये ईश्वराचे स्तवन करावे हे जितके स्वाभाविक, तितकेच शनिवारी रात्री गिटारच्या तारांवरून फुटक्या बाटलीची मान सरकवीत, ईश्वराचे नावही न घेता, आपले दुःख गावे हेही स्वाभाविक होते. या ब्लूज गायनाला तेथील अनेक धर्मोपदेशकांनी सैतानाचे संगीत ठरविले. मला तो निवाडा एकतर्फी वाटतो. ब्लूजच्या कडव्यात पहिली ओळ बहुधा पुन्हा एकदा म्हटली जाते आणि तिसरी तिला उत्तर देते. त्या पुनरुक्तीने दुःखाचा परिहार होत नाही, परंतु भोगणारा क्षणभर आपल्याच भोगाचा साक्षी होतो, आणि साक्षित्व ही काही अधार्मिक वृत्ती नव्हे. येथे फिर्याद आहे, दादेची याचना नाही (उपदेशकांना खुपले असेल ते बहुधा हेच).

चर्च आणि ब्लूज यांच्यामधली ही भिंत किती पातळ होती, ते टॉमस डॉर्सीकडे पाहिले की कळते. तो मा रेनी या विख्यात गायिकेला पियानोची साथ करणारा ब्लूजचाच कलावंत. १९३२ साली त्याची पत्नी बाळंतपणात गेली, पाठोपाठ अर्भकही गेले. त्या शोकातून त्याने ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हे स्तोत्र रचिले. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीच्या वेळी गायिका महालिया जॅक्सन यांनी तेच गायिले.