पितर आणि पुरावा

माणसाला आपले पूर्वज माहीत असावेत, ही अपेक्षा जवळपास सर्व धर्मांत आढळते. मात्र ते कशासाठी माहीत असावेत, या प्रश्नाची उत्तरे एकमेकांपासून फार दूर जातात. वैदिक परंपरेत पूर्वजांचे नाव घेतले जाते ते ऋण फेडण्यासाठी, गोंड परंपरेत मृताला देवांत मिळवण्यासाठी आणि सोयरीक ठरवण्यासाठी, तर आधुनिक राज्यव्यवस्थेत हक्क सिद्ध करण्यासाठी. गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी या वैनगंगेकाठच्या तालुक्याच्या गावी हे तिन्ही व्यवहार एकाच वेळी चालू आहेत. या परिसरात गोंड, हलबी, माना, ढिवर, कोष्टी, कुणबी, तेली आणि बौद्ध कुटुंबे शेजारीशेजारी राहतात, आणि यांपैकी अनेक घरांत वंशावळीचा एक कागद जपून ठेवलेला असतो, जो पितृपक्षात नव्हे, तर मुलाच्या प्रवेशाच्या किंवा नोकरीच्या वेळी तयार झालेला असतो.

या कागदाचे स्वरूप प्रथम समजून घेतले पाहिजे. जातीच्या दाखल्याची पडताळणी करताना अर्जदाराला पणजोबा-आजोबांपासून स्वतःपर्यंतची वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते आणि तीतील एखाद्या पुरुषाची जातीची नोंद ठरावीक दिनांकापूर्वीच्या अभिलेखात दाखवावी लागते. हा दिनांक अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ असा आहे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला, त्यामुळे त्याआधीचे सारे अभिलेख चांदा किंवा चंद्रपूर जिल्ह्याच्या नावाचे असतात. त्यांत मेजर ल्यूसी स्मिथ यांच्या १८६९ च्या अहवालाने ज्या जमीनमहसूल व्यवस्थेची पायाभरणी झाली तिच्यातील बंदोबस्त मिसली, म्हणजे महसूल आकारणीच्या संचिका, येतात, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर येते आणि गावच्या कोतवालाने सांगितलेल्या जन्ममृत्यूंची नोंद असलेली कोतवाल पंजी येते. कोतवाल पुष्कळदा निरक्षर असे. तो तोंडी सांगे आणि ठाण्यावरचा लेखनिक लिहून घेई. आज ज्या नोंदीवर एका घराण्याचे भवितव्य ठरते ती नोंद अशा रीतीने एका न शिकलेल्या माणसाच्या बोलण्यावर आणि एका परक्या माणसाच्या ऐकण्यावर उभी आहे, ही गोष्ट पुढील विवेचनात विसरून चालणार नाही.

धर्मशास्त्राने वंशस्मृतीला घातलेली मर्यादा या पार्श्वभूमीवर उद्बोधक ठरते. श्राद्धात पिंड दिले जातात ते पिता, पितामह आणि प्रपितामह या तिघांना, ज्यांना अनुक्रमे वसू, रुद्र व आदित्य स्वरूप मानले आहे. नवा मृत सपिंडीकरणाने, म्हणजे त्याचा पिंड पूर्वजांच्या पिंडांत मिसळण्याच्या विधीने, पितरांच्या पंक्तीत आला की सर्वांत जुना पितर त्या पंक्तीतून बाहेर पडतो आणि ‘लेपभाज’ होतो, म्हणजे पिंड वळणाऱ्या हाताला चिकटून राहिलेल्या अंशाचाच तो धनी उरतो. चौथ्या ते सहाव्या पिढीपर्यंतचे पूर्वज या वर्गात येतात आणि त्यापलीकडचे नामरूप सोडून जातात. ज्याला आपले गोत्र ठाऊक नाही त्याने काश्यप गोत्र सांगावे, ज्याची मृत्युतिथी ठाऊक नाही त्याचे श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला करावे, ज्यांना पाणी देणारे कोणी उरले नाही त्यांनाही तर्पणात एक ओंजळ द्यावी, अशा सोयी शास्त्राने करून ठेवल्या आहेत. यावरून असे म्हणता येते की या व्यवस्थेत विस्मरण हा दोष मानलेला नसून त्याला क्रम आणि विधी लावून दिलेला आहे: पूर्वजाने किती काळ वंशजाला बांधून ठेवावे याला सीमा आहे आणि ती ओलांडल्यावर दोघेही मोकळे होतात.

तीर्थक्षेत्रांतील उपाध्यांच्या वह्या या नियमाला अपवाद वाटतात, कारण नाशिक, त्र्यंबकेश्वर, गया किंवा हरिद्वार येथे यजमानाच्या घराण्याची नावे अनेक पिढ्यांपर्यंत लिहून ठेवलेली असतात. परंतु त्या वह्यांचे प्रयोजन यजमान कोणाचा हे ठरवणे असे. घराण्याची सत्यता कोणापुढे सिद्ध करणे हा त्यांचा हेतू नव्हता.

गोंड समाजात हीच गोष्ट वेगळ्या मार्गाने साधली जाते. तेथे कुळे देवसंख्येनुसार विभागलेली असतात. चार देवे, पाच देवे, सहा देवे आणि सात देवे असे गट असून समान संख्येच्या देवांच्या कुळांत सोयरीक होत नाही, म्हणजेच तत्त्वतः ते सर्व भाऊबंद ठरतात. मृताला योग्य विधीने देवांत मिळवले जाते आणि त्यानंतर तो अमुक नावाचा माणूस न राहता कुळाच्या पेनशक्तीचा, म्हणजे पूजनीय दैवी सामर्थ्याचा, अंश होतो. कुळाची कथा सांगण्याचे काम परधानांचे, जे आपल्या गोंड यजमानांकडे वाद्याच्या साथीने देवांची आणि कुळांची गाथा गात आले. या गाथेत मूळ पुरुष असतो, स्थलांतर असते, देव कोठे प्रकट झाला हे असते. पणजोबाचे नाव मात्र असेलच असे नाही, कारण कोणता विवाह वर्ज्य आणि कोणता देव आपला हे कळण्यासाठी त्या नावाची गरजच पडत नाही.

राजघराण्यांचे प्रकरण निराळे. गढा-मंडल्याचा गोंड राजा हृदयशाह याने १६६७ मध्ये रामनगर येथे कोरवलेल्या संस्कृत शिलालेखात पन्नासाहून अधिक राजांची मालिका दिली आहे, आणि त्यानंतर सातच वर्षांनी, १६७४ मध्ये, रायगडावरील राज्याभिषेकापूर्वी भोसले कुळाचा सिसोदिया वंशाशी असलेला संबंध मांडला गेला. वंशावळ लांबवण्याची गरज भासते ती जेथे सत्तेला मान्यता हवी असते तेथे. नांगर धरणाऱ्याला तिची गरज पडत नव्हती. विसाव्या शतकाने ती त्याच्यावर आणली.

वंश आणि धर्म यांचा हाच पेच समुद्रापलीकडे वसाहतकालीन अमेरिकेत निराळ्या रूपाने उभा राहिला होता. इंग्लंडमध्ये १५३८ साली थॉमस क्रॉमवेलच्या आदेशाने प्रत्येक चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही सुरू झाली, आणि अमेरिकेतील घराण्यांचे मूळ इंग्लंडमधील एखाद्या खेड्यापर्यंत नेणाऱ्या संशोधकांचा आजही मुख्य आधार ती वहीच असते. परंतु १६२० पासून न्यू इंग्लंडमध्ये जाऊन वसलेल्या प्युरिटनांची, म्हणजे चर्चच्या शुद्धीकरणाचा आग्रह धरणाऱ्या पंथीयांची, श्रद्धा वंशाला फारसे महत्त्व देणारी नव्हती. ईश्वरी कृपा ज्याची त्याला अनुभवावी लागते, असे ते मानत, आणि मॅसॅच्युसेट्समधील त्यांच्या चर्चचे पूर्ण सदस्यत्व अशा अनुभवाची जाहीर कबुली देणाऱ्यालाच मिळे. अडचण आली ती नातवंडांच्या वेळी. पहिल्या पिढीने अनुभव सांगितला, दुसऱ्या पिढीचा बाप्तिस्मा झाला, पण तिच्यातील अनेकांना तसा अनुभव आला नाही. मग त्यांच्या मुलांचा बाप्तिस्मा करावा की नाही? १६६२ च्या धर्मसभेने ‘अर्धा करार’ म्हणून ओळखली जाणारी तडजोड मान्य केली, जिच्यानुसार अशा मुलांना बाप्तिस्मा मिळाला, मात्र त्यांच्या आईबापांना प्रभुभोजनाचा अधिकार मिळाला नाही. कृपा वारशाने मिळत नाही असे सांगणाऱ्या पंथाला तिसऱ्याच पिढीत वारशाची दारे किलकिली करावी लागली. पुढे १८३० मध्ये स्थापन झालेल्या मॉर्मन पंथाने तर दिवंगत पूर्वजांचा वंशजाकरवी बाप्तिस्मा करण्याचा विधी स्वीकारला आणि त्यासाठी पूर्वजांची नावे शोधणे हे धर्मकृत्य ठरले. १८९४ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या यूटा वंशावळी संस्थेने नंतर हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांच्याही मायक्रोफिल्म घेतल्या. मॉर्मन मनुष्य पूर्वजाला काही द्यायचे म्हणून त्याचा शोध घेतो आणि श्राद्धकर्ताही त्याच हेतूने त्याचे स्मरण करतो. आरमोरीतल्या अर्जदाराला मात्र पूर्वजाकडून काही घ्यायचे म्हणून त्याला शोधावे लागते. यात अर्जदाराचा काही दोष नाही.

दोष शोधायचा तर तो पडताळणीच्या एका विशिष्ट भागात आहे. कुमारी माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये जी कार्यपद्धती घालून दिली तिच्यात दक्षता पथकाने अर्जदाराच्या समाजाची दैवते, विधी, विवाहपद्धती, अंत्यसंस्काराचे प्रकार यांची चौकशी करावी, असे सांगितले आहे. या तपासणीला आप्तभाव चाचणी म्हणतात, म्हणजे अर्जदाराचे त्या जमातीशी सांस्कृतिक नाते आहे की नाही हे पाहण्याची कसोटी. खोटे दाखले रोखण्याचा तिचा हेतू निःसंशय योग्य होता, आणि खऱ्या आदिवासींच्या जागा लाटल्या जातात ही तक्रार गडचिरोलीत काल्पनिक नाही. परंतु या चाचणीत श्रद्धेचे रूपांतर परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत होते. ज्या गोंड मुलाचा बाप शाळामास्तर होता आणि ज्याने देवघरात गणपती ठेवला, त्याने आपल्या कुळाचे देव किती हे चुकीचे सांगितले तर तो गोंड नाही असे ठरते काय? धर्म बदलतो, विसरला जातो, शेजाऱ्याकडून उसना घेतला जातो; त्यावरून रक्ताचे नाते वाचू पाहणे हे तत्त्वतःच चुकीचे आहे. २०११ च्या आनंद प्रकरणात न्यायालयाने स्थलांतर आणि आधुनिकीकरणामुळे ही लक्षणे जुळणार नाहीत हे मान्य करून स्वातंत्र्यपूर्व कागदपत्रांना अधिक वजन दिले, आणि मार्च २०२३ मध्ये त्रिसदस्य पीठाने आप्तभाव चाचणी ही निर्णायक कसोटी नाही, असे स्पष्ट केले.

कागदाला प्राधान्य दिल्याने प्रश्न सुटतो, असेही नाही. विणकरी करणाऱ्या ज्या हलबा म्हणवणाऱ्या कुटुंबांच्या जुन्या नोंदी कोष्टी अशा आहेत त्यांच्या बाबतीत २००० मधील मिलिंद प्रकरणाच्या घटनापीठाने अनुसूचित जमातींची यादी जशी आहे तशीच वाचली पाहिजे, तिच्यात नसलेला पोटगट पुराव्याने आत आणता येणार नाही, असा निर्णय दिला. कायद्याच्या दृष्टीने तो सुसंगत आहे. मात्र त्यातून इतके उघड होते की राज्य पूर्वजाला ओळखत नाही, पूर्वजाविषयीच्या नोंदीला ओळखते.

छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबालाची कथा येथे आठवणे अपरिहार्य आहे. हारिद्रुमत गौतमाने गोत्र विचारल्यावर आपल्याला ते माहीत नाही, आईलाही माहीत नाही, असे त्याने सांगितले आणि सत्य न सोडल्याबद्दल गुरूने त्याला स्वीकारले. यात गोत्राच्या जागी सत्यवचन ठेवले गेले, असा एक अर्थ निघतो. शंकराचार्यांच्या भाष्यात मात्र जबाला पतीच्या घरी अतिथिसेवेत इतकी गुंतलेली होती की गोत्र विचारायचे राहून गेले आणि पुढे पती वारला, असा खुलासा येतो. उपनिषदाने जी फट मोकळी सोडली होती ती भाष्याने बुजवली. दक्षता पथकाचे काम तेव्हाही कोणीतरी करतच होते.

बौद्ध कुटुंबांची स्थिती याहून अवघड आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली, आणि त्या वेळच्या २२ प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा होती. जन्मावरून माणसाची योग्यता ठरते, ही कल्पनाच नाकारणारा हा मार्ग आहे. तरीही १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्यानंतर दाखल्यासाठी आजोबाच्या नावापुढे ‘महार’ असे लिहिलेला १९५० पूर्वीचा कागद शोधावा लागतो. ज्या जातीचा धर्म म्हणून त्याग केला तिचाच अन्यायाचा पुरावा म्हणून उच्चार करावा लागतो. यात विसंगती आहे असे वरवर वाटते, पण ती खरी नाही: जात मिथ्या आहे हे मानणे आणि जातीमुळे झालेली हानी खरी आहे हे सांगणे, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

वनहक्क कायद्याने या सर्व प्रश्नाला अधिक समंजस वळण दिले आहे, असे म्हणावे लागते. २००६ च्या या कायद्यानुसार आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा रहिवास दाखवावा लागतो आणि एक पिढी २५ वर्षांची धरली जाते, म्हणजे एकूण ७५ वर्षे. ढिवर किंवा कुणबी शेतकऱ्याला ही अट जाचक आहेच. तथापि नियमांनी मान्य केलेल्या पुराव्यांत केवळ सरकारी दप्तर नाही. गावातील दावेदार नसलेल्या ज्येष्ठांचे लेखी नोंदवलेले निवेदन, पूर्वीच्या अभिलेखांतील व्यक्तीपर्यंत पोहोचणारी वंशावळ, जुन्या विहिरी, दफनभूमी आणि पवित्र स्थळे यांनाही तेथे स्थान आहे, आणि हे सारे प्रथम ग्रामसभेपुढे येते. कोणत्या देवाला काय वाहता, असे येथे कोणी विचारत नाही. पूर्वज कोठे पुरले आहेत एवढेच विचारले जाते आणि त्याचे उत्तर गावाला ठाऊक असते. वंश ही शरीरात दडलेली वस्तू नसून समाजाने दिलेली साक्ष आहे, हे तत्त्व या नियमांनी, कदाचित नकळत, मान्य केले आहे.

जात पडताळणीतही हेच तत्त्व लागू व्हायला हवे: दैवतांविषयीचे प्रश्न चौकशीतून काढून टाकावेत आणि ज्येष्ठांची साक्ष ग्रामसभेत नोंदवलेली असल्यास ती कोतवाल पंजीच्या बरोबरीने स्वीकारावी. आणखी एक उणीव भरून काढणे तितकेच आवश्यक आहे. श्राद्धात मातामह, म्हणजे आईचे वडील, आणि त्यांच्या आधीचे दोघे यांनाही पिंड दिला जातो; पडताळणीच्या वंशावळीत मात्र आईच्या बाजूचे कोणी येत नाही, जरी रमेशभाई नायका प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आईच्या समाजात वाढलेल्या अपत्याला तिची जात नाकारता येणार नाही, असे म्हटले आहे. आरमोरी, वैरागड आणि आसपासच्या गावांत ज्यांच्या घरी आज ऐंशी वर्षांची आजी आहे त्यांनी तिचे माहेर, तिच्या आईचे नाव आणि तिच्या वडिलांची दफनाची जागा तिच्याकडून विचारून घ्यावी, तारखेसह लिहून ठेवावी आणि ग्रामसभेत या माहितीची नोंद करून घ्यावी.