गुरूचा अधिकार आणि शिष्याचे मत

कनिष्ठ महाविद्यालयाच्या कारभारात विद्यार्थ्यांना मत असावे का, हा प्रश्न शिस्तीचा समजला जातो. मुळात तो प्रश्न अधिकार कुठून येतो याचा आहे. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी परिषद आहे, पण परीक्षांच्या तयारीच्या लातूर पॅटर्नने गाजलेली अकरावी-बारावी बोर्डाच्या अखत्यारीत, त्या कायद्याबाहेर. तिथे सरांचा शब्द अखेरचा, आणि त्याला गुरुपरंपरेचा दाखला. मग परंपरा नीटच पाहू. १६९९ मध्ये आनंदपूरला गुरु गोविंदसिंगांनी पंच प्याऱ्यांना, म्हणजे आपल्या पाच शिष्यांना, दीक्षेचे अमृत दिले आणि लगेच त्यांच्याच हातून स्वतः घेतले. १७०८ मध्ये नांदेडला त्यांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून गुरुपद ग्रंथाला दिले. शिष्यांपुढे नमल्याने त्यांचे गुरुपण उणावले, असे कोण म्हणेल? बौद्ध संघातही वाद शलाका (मतदानाच्या काड्या) वाटून बहुमताने मिटवण्याची सोय विनयपिटकात आहे.

सोळा वर्षांच्या पोरांना काय कळते, असे विचारले जाईल. भौतिकशास्त्र शिक्षकालाच अधिक कळते. गुण मतदानाने ठरवा असे कोणी म्हणत नाही. पण ग्रंथालयाची वेळ, वसतिगृहातले जेवण, तक्रारीची सुनावणी यांत सोसणाऱ्याचा अनुभव हाच पुरावा असतो. दुसरा आक्षेप जड आहे: १९८९ मध्ये मुंबईत निवडणुकीच्या वैरातून विद्यार्थ्याचा खून झाला आणि पुढे राज्यभर महाविद्यालयीन निवडणुका थांबल्या. तो दोष पक्षांनी महाविद्यालयात ओतलेल्या पैशाचा आणि दांडगाईचा होता. 'नीट' परीक्षेच्या धावपळीत वेळ नाही, ही सबब मात्र लंगडी आहे. प्राचार्यांनी महिन्यातून एक तास निवडून आलेल्या वर्गप्रतिनिधींसमोर बसावे आणि आपल्या निर्णयांची कारणे द्यावीत.