वेगळं करायचं कोणी?

बुलढाणा जिल्ह्यातल्या बऱ्याच कॉलेजांच्या पदवीवर संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचं नाव असतं. चिखली, मलकापूर किंवा शेगावला चार वर्षं काढून पुण्याच्या आयटी कंपनीत लागलेल्या इंजिनिअरच्या कागदपत्रांमध्ये खराटा घेऊन फिरणाऱ्या माणसाचं नाव असतं. फॉर्म भरताना आपण ते इतक्यांदा लिहितो की त्याचा अर्थ दिसेनासा होतो. म्हणून प्रश्न विचारायला हवा: या विद्यापीठात शिकलेल्या माणसानं आपला कचरा दुसऱ्यानं निवडावा अशी अपेक्षा ठेवणं योग्य आहे का?

सोपं उत्तर तयार असतं: रिसायकलिंग. कॅम्पसवर हिरवी आणि निळी बादली ठेवली, २ ऑक्टोबरला झाडू घेऊन फोटो काढला की झालं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा जिथे तयार होतो तिथेच वेगळा करायला सांगितलं. दिवसाला शंभर किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांमध्ये कॉलेजं आणि हॉस्टेलंही धरली. पण मेस सुटल्यावर कुठलीही बादली उघडून बघा. वरण, पोळीचे तुकडे, वेफर्सचं पाकीट, असाइनमेंटची पानं, फुटलेली ट्यूबलाइट, सगळं एकत्र.

थर्मोडायनॅमिक्समध्ये एंट्रॉपीची व्याख्या आपण परीक्षेपुरती पाठ करतो. तिचा रोजच्या जगण्यातला अर्थ साधा आहे: मिसळणं आपोआप होतं, वेगळं करायला कष्ट पडतात. कोरड्या कागदाला रद्दीवाला भाव देतो, वरणानं भिजलेल्या कागदाला देत नाही. स्वच्छ पेट बाटलीपासून पॉलिस्टरचा धागा काढता येतो, खरकट्यानं माखलेली बाटली आधी धुवावी लागते. आणि नीट वेगळं केलं तरी कागदाचे तंतू दर फेरीला आखूड होत जातात. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर असे चिकटलेले असतात की ते सोडवणं कोणालाच परवडत नाही. म्हणजे रिसायकलिंग ही काही जादू नाही. ते काम आहे, आणि ते कोणाच्या तरी हातांनी होतं.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: ‘मी कोड लिहितो, सफाईवाल्या मावशी कचरा उचलतात. प्रत्येकाचं आपापलं काम. केस कापायला न्हाव्याकडे जातोच ना?’ पण ही तुलना दोन ठिकाणी मोडते. केस वाढणं माझ्या हातात नाही. कचऱ्याची सरमिसळ मात्र मीच करतो, तीही एक सेकंद वाचवायला. त्या सेकंदाची किंमत मावशी वेळेनं मोजतात, आणि कधी ट्यूबलाइटच्या काचेनं कापलेल्या बोटानं. दुसरं, ‘आपापलं काम’ हे वाक्य आपल्याकडे निरागस नाही. घाण कोणी काढायची हे इथे शतकानुशतकं जातीनं ठरवलं. आजही कॅम्पसवर झाडणारे कोण आणि कोड लिहिणारे कोण, हे बघितलं की तो हिशोब संपलेला नाही हे कळतं.

गाडगे बाबांनी नेमकं इथेच बोट ठेवलं होतं. ते परीट कुटुंबात जन्मले. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे. अंगावर चिंध्यांचं वस्त्र, जेवायला मातीचं फुटकं भांडं. त्यांनी स्वच्छतेवर नुसतं भाषण दिलं नाही. इतरांनी कोणावर तरी ढकललेलं काम त्यांनी स्वतःच्या हातात घेतलं.

विद्यापीठानं हा प्रश्न गंभीरपणे घेतला तर काय होतं, याचं उदाहरण पुण्यात आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातले लोक कचरावेचक बायकांपर्यंत पोचले आणि त्यातून १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. या बायका करतात ते श्रम आहेत, त्यांना मान आणि दाम मिळाला पाहिजे, ही तिची भूमिका. पुढे याच बायकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि त्या दारोदार कचरा गोळा करू लागल्या. घरातून कचरा वेगळा मिळाला की त्यांचं काम सुसह्य होतं आणि भंगाराला भावही बरा मिळतो.

पण निवडण्याच्या आधीची पायरी म्हणजे कचराच कमी करणं, आणि त्यासाठी बुलढाण्याबाहेर जायला नको. ‘गजानन विजय’ ग्रंथातल्या कथेप्रमाणे १८७८ मध्ये शेगावात गजानन महाराज पहिल्यांदा दिसले ते बाहेर फेकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. आपण ही कथा भक्तीनं ऐकतो, मग हॉस्टेलच्या मेसमध्ये अर्धं ताट तसंच टाकून उठतो. कथेतली पत्रावळ पानांची होती, मातीत मिसळून जाणारी. आपल्या डिस्पोजेबल प्लेटचं तसं नाही.

मग दोष एकट्या विद्यार्थ्याचा का? नाही. न सुटणारे थर चिकटवून पाकीट विकणाऱ्या कंपन्यांची जबाबदारी मोठी आहे आणि ती त्यांच्याकडून मागितलीच पाहिजे. पण कंपनी दोषी आहे म्हणून मी वरणात कागद टाकायला मोकळा होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

पदवीला पर्यावरण हा विषय सक्तीचा असतो. त्याचा प्रकल्प बहुधा नेटवरून उतरवून, स्पायरल बाइंडिंग करून जमा होतो आणि वर्षभरानं रद्दीत जातो. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्यानं एक आठवडा आपल्याच हॉस्टेलचा कचरा हातमोजे घालून निवडावा, वजन करावं, आकडे लिहावेत. शिकवायला रोज ते काम करणाऱ्या मावशी असाव्यात, त्या तासांचं त्यांना मानधन मिळावं आणि मार्कही त्यांनीच द्यावेत. आठ दिवसांनी मेसमधली बादली कशी दिसते, ते तेव्हा बघू.