पंगतीच्या टोकाला

वाचन : मार्क ६:३०–४४

त्या दिवशी प्रभूच्या शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती, इतकी लोकांची ये-जा चालली होती. बंगळुरूच्या महादेवपुऱ्यात राहणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सकाळ आउटर रिंग रोडच्या गर्दीत जाते, आणि संध्याकाळी घरी टेकावं तर अमेरिकेत दिवस उजाडतो आणि पुन्हा मीटिंगा सुरू होतात. पुणे, नगर, सोलापूरहून इथं हूडी-व्हाइटफील्डच्या बाजूला येऊन राहिलेल्या आपल्या ख्रिस्ती घरांत कौटुंबिक प्रार्थना आधी उशिरा होऊ लागते, मग फक्त रविवारी होते, मग नाताळाला. ती बंद करायचं कुणीच ठरवलेलं नसतं. तिच्यासाठी वेळ राखलेली नसते, एवढंच.

प्रभूनं शिष्यांना विसाव्यासाठी एकांत जागी नेलं, तर लोक तिथंही येऊन पोचले. दिवस उतरला. हाताशी पाच भाकरी आणि दोन मासे. भाकरी हाती घेण्याआधी येशूनं जे केलं, ते वाचताना आपल्या नजरेतून सहज निसटतं. त्यानं लोकांना हिरव्या गवतावर शंभर-शंभर, पन्नास-पन्नास असं पंगतीनं बसवायला सांगितलं. ज्याच्या हातून भाकरी पुरून उरणार होत्या, त्यालाही पंगती आवश्यक वाटल्या.

कारण उघड आहे. पाच हजार पुरुष, शिवाय बायका-मुलं, आणि सगळे भुकेले. पंगत नसती तर पुढच्या धडधाकटांनी आधी हात घातला असता आणि कडेवर लेकरू घेतलेली आई मागं राहिली असती. पंगत बसली की टोकाच्या माणसालाही भरवसा येतो, भाकरी आपल्यापर्यंत पोचेल. सगळं शिस्तीनं व्हावं असं करिंथच्या मंडळीला सांगणारा पौल त्याच पत्रात तिची कानउघाडणीही करतो, कारण तिच्या भोजनात एक उपाशी राहत होता आणि दुसरा पिऊन धुंद होत होता. देवाला प्रिय असलेली व्यवस्था नेहमी शेवटच्या माणसाकडे पाहून लावलेली असते.

२०२४ च्या उन्हाळ्यात बोअरवेल आटल्या, तेव्हा या भागातल्या अनेक वसाहतींना पाण्याच्या वेळा ठरवाव्या लागल्या. एकानं पिंपं भरून ठेवली की दुसऱ्याचा नळ कोरडा, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. आपल्या वेळेचंही तसंच आहे.

आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात १८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाईंनी शेवटच्या माणसासाठी अशी व्यवस्था मोठ्या प्रमाणावर लावून दाखवली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या. केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनात त्या मुलींना अन्न मिळालं, तसाच दिवसाला आकारही मिळाला. प्रार्थना, शाळा, शेती, विणकाम, छापखाना. एकट्या करुणेवर इतकी तोंडं रोज जेवू शकत नाहीत. करुणेला विहीर, कोठार आणि वेळापत्रक लागतं.

म्हणून आज आपल्या दिवसाच्या पंगतीला टोकाला कोण बसलं आहे, ते पाहू या. गावी फोनची वाट पाहणारे आई-वडील? बाबांचा कॉल संपेपर्यंत जागायचं ठरवून झोपी गेलेलं लेकरू? जिचा पगार दर महिन्याला दोन-चार दिवस पुढं ढकलला जातो ती घरकामाची ताई? त्यांचा वाटा आधी काढून ठेवू या. प्रार्थनेची एकच वेळ ठरवू या, दहाच मिनिटांची, पण रोजची. कामवालीचा पगार एक तारखेला देऊ या. रविवारची सकाळ उपासनेची, तिच्यावर मीटिंग येऊ देऊ नये.

आणि एवढं करूनही दाराशी कुणी गरजवंत आला, तर वेळापत्रक बाजूला ठेवू या. विसाव्यासाठी निघालेल्या प्रभूनं समोरचा समुदाय पाहिला आणि त्याला कळवळा आला. आपला बेत त्यानं मोडला, मग त्याच लोकांसाठी पंगती मांडल्या. त्याची शिस्त आणि त्याची दया एकाच अंतःकरणातून येतात.

प्रार्थना : प्रभू, आमचे दिवस तुझ्या हाती देतो. ते तूच नीट मांड. आमच्या घाईत ज्यांचा वाटा राहून गेला, त्यांची नावं आज आम्हांला आठवून दे आणि तो वाटा आजच त्यांना पोचवण्याची बुद्धी दे. आमेन.