म्हातारीचा उंबरठा

सन २०२० च्या मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे आपल्या देशातील सर्व व्यवहार बंद झाले, आणि मे महिन्यातील सरकारी हुकुमात ६५ वर्षांवरील माणसांनी अगत्याचे काम व औषधोपचार यांवाचून घरीच राहावे असे ठरले. तो हुकूम योग्यच होता, कारण त्या रोगाने मरण येण्याचे भय वृद्धांस पुष्कळच अधिक होते. परंतु आईचा जीव राखला म्हणजे तिच्याविषयीचे आपले कर्तव्य पुरे झाले काय?

खेड्यातील म्हातारी शेजारणीच्या ओट्यावर जाते, लग्नघरी तांदूळ निवडू लागते, बाळंतिणीस पाहून येते. यास आपण रिकामपण समजतो. वास्तविक तेच तिचे चालणे व तेच तिचे औषध. बसून राहिलेल्या वृद्ध देहाचे मांस थोड्याच दिवसांत झडू लागते, आणि गेलेले बळ परत यावयास फार काळ लागतो. मुठीचा जोर कमी होतो, चाल मंदावते, वजन आपोआप घटते. ही क्षीणता पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते.

साथ ओसरली, तरी कित्येक घरांत म्हातारी उंबरठ्याच्या आतच राहिली. "आता बाहेर काय काम आहे? पडाल," असे सुना म्हणतात. त्यात माया आहे खरी; पण थोडी सोयही आहे, असे आम्हांस वाटते. (हात धरून नेण्यास वेळ मोडतो.) तिला मात्र कोणी विचारले नाही. पुढच्या खेपेस बायांची सभा भरेल तेव्हा विचारून पाहावे. आणि ती हो म्हणाली, तर तिची काठी कोणत्या कोपऱ्यात पडली आहे ती शोधून द्यावी.