माऊस कोण फिरवतं?

न्हावा शेव्याला एका कन्सल्टंटच्या ऑफिसात मी कंटेनर यार्डची ड्रॉइंगं काढतो. ऑटोकॅडवर बसलेल्या माणसाचा उजवा हात नीट पाहावा. मधलं बोट चाकावर. चाक पुढे सरकवलं की ड्रॉइंग जवळ येतं, मागे घेतलं की लांब जातं, दाबून धरलं की अख्खं बंदर हातासरशी सरकतं, आणि पटकन दोनदा दाबलं की काढलेलं सगळं स्क्रीनवर मावतं. डावा हात तोवर कीबोर्डवर एल, टीआर, सीओ अशा कमांड बडवत असतो. यातलं काहीच मी ठरवून करत नाही. गेटवरच्या ट्रेलरच्या रांगेबद्दल शेजारच्याशी बोलता बोलता यार्डच्या ओळी मांडून होतात. वीस फुटी कंटेनर, 6.058 मीटर लांब, 2.438 रुंद.

मग हे करतं कोण? गीतेचा पाचवा अध्याय सांगतो, तत्त्व जाणणारा पाहतो, ऐकतो, स्पर्श करतो, तरी आपण काहीच करत नाही असं मानतो. इंद्रियं आपापल्या विषयांत वावरताहेत, एवढंच. विनोबा तर आमच्याच जिल्ह्यातले, पेणकडच्या गागोद्याचे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्यांत ते म्हणतात की कर्म सहज झालं की त्याचं अकर्म होतं. लहान मुलाला पाऊल टाकणं हेच केवढं काम, पुढे चालतोय हे जाणवतही नाही. या हिशेबाने आमच्या ऑफिसातले सगळे ड्राफ्ट्समन निम्मे स्थितप्रज्ञ!

पण रात्री अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग यायला लागली. डॉक्टर म्हणाले, कार्पल टनेल. मनगट वर मोडून ठेवलं की तिथल्या अरुंद वाटेतून जाणाऱ्या नसेवर दाब वाढतो. कर्म इंद्रियांचं आणि ठणका तेवढा माझा, ही वाटणी मला काही पटेना.

माऊस डाव्या हाती घेतला. आता चाक फिरवायचं तर आधी मनात यायचं, मग बोटात. सॉलिडवर्क्सवर जायची वेळ आली की असंच होतं; तिथे चाक पुढे सरकवलं की मॉडेल लांब पळतं आणि दाबून धरलं की गरगर फिरतं.

या रखडण्यात ड्रॉइंगचा एक लेअर, म्हणजे थर, डोळ्यांपुढे राहिला. त्यात सर्व्हेच्या मूळ ड्रॉइंगमधला जुना किनारा, मिठागरांचे बांध आणि घरांचे छोटे चौकोन आहेत. बंदर 1989 साली सुरू झालं, त्याआधी शेवा गाव उठलं. तिथल्या कोळ्यांना उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसवलं, आणि तिथली घरं वाळवीने पोखरली. छापायच्या नकाशात हे काही लागत नाही, म्हणून फाइल उघडताक्षणी उजवा हात तो लेअर फ्रीझ करून लपवायचा. डावा हात यादीत चाचपडत राहिला, तेवढ्यात मी घरं पाहिली. एका चौकोनावरून क्रेनचा रूळ जातो.

विनोबांची एक अट आपण सोयीने गाळतो. कर्मात विकर्म हवं, म्हणजे मन ओतलेलं हवं, तेव्हाच अकर्म. पतंजलीही अभ्यासाला नुसता दीर्घकाळ आणि सातत्य पुरेसं मानत नाहीत, आदरही मागतात. माझ्या उजव्या हाताकडे पहिली दोन होती. सवयीत कर्ता सुटलेला नसतो, झोपलेला असतो, आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं ही पंचाईत.

हल्ली उभा माऊस वापरतो, हस्तांदोलनासारखा धरायचा. मनगटाऐवजी कोपरापासून हात हलतो, रात्रीची झोप परत आली. लेअर अजूनही मीच फ्रीझ करतो, नकाशाला तो नकोच असतो. ऑफिसातला नवा पोरगा म्हणतो, दादा, छोटी स्क्रिप्ट लिहून टाका, फाइल उघडताच आपोआप होईल. वेळ वाचेल, त्याचं बरोबर आहे. तरी मी ती लिहायचं टाळतोय.